निर्यातीमुळे हापूसच्या पॅकहाऊसमधलं काम कसं बदललं?

पॅकहाऊस म्हणजे आंबा निवडून पेट्या भरण्याची जागा. तिथला सर्वात मोठा बदल म्हणजे आंबा कसा हाताळायचा हे आता गिऱ्हाईक देश ठरवतो. फळमाशीमुळे युरोपने मे 2014 मध्ये भारतीय आंबा बंद केला, जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवली. कीड मारण्यासाठी अमेरिकेला विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा लागतो, युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया: 48 अंश, 60 मिनिटं.

खरी कसोटी या गरम पाण्यातच असते. थंडगार फळ एकदम टाकीत सोडलं की पाण्याचं तापमान खाली येतं, म्हणून पाणी परत 48 ला पोचल्यावरच वेळ मोजायची. कोवळं फळ या उष्णतेने भाजतं, सालीवर डाग पडतात आणि पेटी बाद होते. त्यामुळे झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढणाऱ्या गड्याची नजर पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली आहे. फळ पुरतं वाढलेलं हवं, देठ राखलेला हवा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो.

निवडणाऱ्या बायकांना टोपी, हातमोजे घालून आणि बांगड्या काढून काम करावं लागतं. बागायतदाराला फवारणीची वही लिहावी लागते. कोणतं औषध, कधी मारलं, याची नोंद नसेल तर माल निर्यातीला घेत नाहीत. एवढं कौशल्य लागतं, तरी काम मात्र हंगामापुरतंच. मजुरी ठरवताना हे धरायलाच हवं.