स्वयंपाकघरातील लाकडी फ्लोअरिंग: आधी कोब्यातील ओल तपासा

स्वयंपाकघरातील जुनी फरशी काढून लाकडी फ्लोअरिंग करावे का आणि लाकूड कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. जरूर करावे, मात्र लाकूड पसंत करण्याआधी ते ज्यावर बसणार आहे तो कोबा तपासावा, कारण वरून सांडलेले पाणी लगेच पुसता येते, पण खालून येणारी ओल नुकसान होईपर्यंत दिसतच नाही.

फरशी निघाल्यावर कोबा झाडून घ्यावा, त्यावर सुमारे दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि किमान 16 तासांनी ते उचलावे. आतून पाण्याचे थेंब जमले असतील किंवा तेवढाच चौकोन काळपट पडला असेल, तर ओलीचे मूळ सापडेपर्यंत काम थांबवावे. कोबा कोरडा दिसला तरी ओलावामापकाने मोजणी करून घ्यावी, असा माझा आग्रह राहील. सिंकखालची जागा तर नक्कीच तपासावी.

लाकूड ओलावा शोषून मुख्यतः रुंदीत फुगते. तळाला ओल लागून माथा कोरडा राहिला, की फळीच्या कडा वर उचलल्या जातात आणि अनवाणी पायाला प्रत्येक सांधा जाणवू लागतो. इंजिनिअर्ड वूडमध्ये लाकडाचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ही हालचाल बरीच कमी होते; म्हणून स्वयंपाकघरासाठी भरीव लाकडापेक्षा मी तेच सुचवेन. तरीही भिंतीलगत साधारण 10 मिलिमीटर फट ठेवावीच लागते. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

आपली जुनी फरशी व्हिनाइलची आणि 1980 च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर कृपया ती फोडू किंवा घासू नका. तशा फरशीत आणि तिच्याखालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक असते. आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा; फरशी घट्ट आणि सपाट असेल, तर ती न काढता वरूनच नवे फ्लोअरिंग करणे अधिक सुरक्षित ठरते.

अशा वेळी उंची मात्र आधीच मोजावी. ओट्याखाली डिशवॉशर असेल आणि फ्लोअरिंग त्याच्या पुढ्यापर्यंतच केले, तर दुरुस्तीच्या वेळी यंत्र बाहेर ओढता येत नाही. म्हणून फळ्या त्याच्या खालपर्यंत न्याव्यात आणि त्यानंतरही वर पुरेशी जागा उरते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.