बंडल जाळून बीडी सुटत नाही

इंदूरच्या मालवा मिल भागातल्या एका वस्तीतून पत्र आलंय. नवरा लोडिंग रिक्षा चालवतो, दिवसाला बीडीची दोन बंडलं ओढतो. एकच खोली, त्यात दोन मुलं. महिन्याभरापासून त्याला सकाळचा खोकला आहे. बायकोनं बंडलं लपवली, मुलांची शपथ घातली, एकदा तर चुलीत टाकली. तो म्हणतो, बीडी पानाची असते, सिगरेटीएवढी वाईट नाही. ‘मावशी, मी हरले,’ असं तिनं शेवटी लिहिलंय.

अगं, हरली कुठे? बंडल जाळलंस तर गुमटीवर दुसरं मिळतं, वर त्याला चिडायला कारण. आणि शपथेच्या तर मी विरुद्धच आहे. मोडली की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो, मग त्या चिडीतच पुढची पेटवतो.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. पहाटे चारला तो मंडीत माल भरायला जातो आणि दुपारपर्यंत पोटात काही नसतं. निकोटिननं भूक मरते. म्हणजे बीडी ही त्याची न्याहारी आहे, आणि दोन मिनिटं बसायला मिळालेली परवानगीही. नुसता उभा राहिला तर शेठ ओरडतो, बीडी पेटवली तर कोणी बोलत नाही! तेव्हा आधी डबा दे. फोडणीची पोळी चालेल, खिशात भाजलेले चणे दे. तलफ आली तरी ती काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ तोंड चालू राहिलं की झालं.

पानाची म्हणून बरी, हे मात्र खोटं. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बीडी विझू नये म्हणून लवकर लवकर झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच आत जातो. हे तू सांगितलंस तर भांडण होईल, म्हणून तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर त्याला लावून दे. हिंदीत समजावतात. मेडिकलवर २ मिलिग्रॅमची निकोटिन च्युइंगमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. थोडी चावायची, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायची. मात्र बीडी सोडून पुडीवर येऊ देऊ नकोस. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पान मसाला आणि जर्दा वेगवेगळ्या पुड्यांत मिळतातच.

आजपासून एकच गोष्ट ठाम सांग: घरात पेटवायची नाही, दाराबाहेर. मुलांसाठी म्हणून सांग, तो ऐकेल असं मला वाटतं. पहिले तीन-चार दिवस तो चिडचिड करेल, तेव्हा तू जरा गप्प राहा.

खोकल्याचं मात्र थांबायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर टीबीसाठी थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. ‘वेळ नाही’ म्हणेल. तू त्याच्याच रिक्षात बसून जा. काय निघालं ते मला लिही.