इंजिन बसवण्याआधी पेट्रोलची लाइन आख

पद्मिनीत एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं इंजिन टाकतोयस, मस्तच. पण आधी गाडी रॅम्पवर घे आणि टाकीपासून पुढपर्यंत लाइन कुठून जाणार ते खडूने आखून काढ. कार्बोरेटरला पाव-अर्धा बार दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. जुने रबरी पाइप सरळ बाद कर. नाना पेठेत होज घेताना वर छापलेलं वाच: आर९ हवं, ते इंजेक्शनच्या दाबाचं; आर७ कार्बोरेटरचं. ई२० पेट्रोलने साधं रबर तडकू शकतं. क्लिप गुळगुळीत कडेची घे; खाचांची क्लिप होज कापते. स्टीलच्या नळीच्या टोकाला फुगवटा काढून घे, नाहीतर दाबाने होज निसटेल. आणि लाइन सायलेन्सरपासून लांब ठेव.

खरी गोम टाकीत आहे. जुन्या टाकीत पेट्रोल हिंदकळू न देणारे आडपडदे बहुधा नसतात. पेट्रोल कमी असलं की कात्रज घाटाच्या वळणात ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, गाडी धक्के खाते. म्हणून छोटी सर्ज टाकी, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल देणारी, कायम भरलेली जोडटाकी लावच. दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर इंजिनपाशी असेल तर जादा पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळीही लागेल. ती अरुंद ठेवलीस तर दाब चढेल. आणि हो, इंजिन बदलायची आरटीओची परवानगी आधीच काढ.