हातात फोन, लक्ष भलतीकडेच

या महिन्याच्या टपालात (टपाल म्हणायचं आपलं, येतं सगळं व्हॉट्सॲपवरच) निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच जातीचे निघाले: लक्ष लागत नाही, काय करू. अभ्यासात लागत नाही, वाचनात लागत नाही, ऑफिसात लागत नाही, पोराचं लागत नाही. त्यातले काही घेतलेत. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

ताई, मी बीड जिल्ह्यातला, पुण्यात राहून एमपीएससी करतोय. सकाळी आठला अभ्यासिकेत बसतो, रात्री दहाला उठतो, पण खरा अभ्यास किती झाला विचारलं तर सांगायला तोंड नाही. फोन बाजूला ठेवता येत नाही कारण नोट्सच्या पीडीएफ त्यात, टेलिग्राम चॅनल त्यात, क्लासची लेक्चरं पण त्यातच. पीडीएफ उघडायला जातो आणि बऱ्याच वेळाने कळतं की आपण रील बघतोय. घरचे पैसे पाठवतात त्याची लाज वाटते. माझ्यात विल पॉवरच नाहीये का? (एक विद्यार्थी, सदाशिव पेठ)

अरे, विल पॉवरचं राहू दे बाजूला. तुझ्या समोर काय बसलंय ते आधी बघ. पूर्वी वेबसाइटवर खाली गेलं की पान संपायचं, पुढचं पान बघायला बटण दाबावं लागायचं आणि त्या एका क्षणात माणसाला आठवायचं की अरे, आपण इथे कशाला आलो होतो. २००६ साली अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं पान बनवलं, म्हणजे तू सरकवत रहा, खालून येतच राहणार. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली पण तोवर सगळ्या ॲपनी ते उचललं होतं. थांबायची जागाच काढून टाकलीय रे, मग थांबणार कुठे. वर आणि प्रत्येक रील चांगलं नसतं, चार भिकार निघतात आणि पाचवं मस्त, आणि हीच खरी मेख आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी निवांत असतो, पण कधी मिळतो कधी नाही असं केलं की बटणावर चोच मारतच सुटतो. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आले, म्हणजे दोन आठवडे पण सुट्टी मिळाली नाही आपल्या पोरांना.

तर या सगळ्याशी रोज मनातल्या मनात कुस्ती खेळायची आणि रोज हरून स्वतःला शिव्या घालायच्या, हा धंदा बंद कर. पेठेत राहतोस ना, पावलापावलावर झेरॉक्सवाले आहेत. जे पुन्हा पुन्हा वाचायचंय ते कागदावर काढ. खर्च होतो मान्य, पण सगळ्या पीडीएफ काढायच्याच नाहीयेत, तुझ्याकडे साठवलेल्या निम्म्या फायली तू कधीच उघडणार नाहीयेस हे तुलाही माहितीये. टेलिग्रामचंही तेच, दहा चॅनलवर एकच चालू घडामोडी दहा वेगवेगळ्या लोगोखाली फिरत असतात, एक ठेव, बाकीचे सोड, आणि ते एक रात्री जेवल्यावर बघ. जाहिरात आली, हॉल तिकीट आलं, काही महत्त्वाचं असलं की रूममेट ओरडून सांगतोच, तुझं काही सुटणार नाही.

लेक्चर बघायचं असेल तर त्याची वेळ वेगळी ठेव, वाचायच्या वेळेत मिसळू नकोस. आणि वाचायला बसताना फोन टेबलावर उलटा ठेवून भागत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात एक अभ्यास झाला होता, त्यात ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांना चाचणीत टेबलावर फोन ठेवलेल्यांपेक्षा जास्त मार्क पडले, फोन वाजला नाही तरी. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांनाच तसं दिसलं नाही, म्हणून ते काही वेदवाक्य नाही. पण तुला करून बघायला काय जातंय? अभ्यासिकेत लॉकर असेल तर त्यात टाक, नसेल तर समोरच्या मित्राशी फोनची अदलाबदल कर, त्याचा तुझ्याकडे, तुझा त्याच्याकडे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. दुसऱ्याचा फोन उघडता येत नाही आणि आपला मागायला लाज वाटते, ही लाज बरी, उपयोगाची आहे. आई काळजी करेल म्हणून फोन जवळ लागतो असं पुढे लिहिलंयस, तर आईला सांगून टाक की रोज रात्री साडेनऊला मीच करतो. वेळ ठरली की तीही दिवसभर लावत बसणार नाही.

आणि हो, राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीये. एका पेपरला तीन तास हाताने लिहीत बसायचंय. ती बैठक परीक्षेच्या दिवशी आभाळातून पडत नाही, आत्ताच रोज थोडी थोडी वाढवावी लागते. आधी अर्धा तास, मग पाऊण, असं. पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल, जाऊ दे, खिसा रिकामा असला म्हणजे झालं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. पूर्वी दिवाळीत पाच-सहा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचे. आता दोन पानं झाली की हात फोनकडे जातो, परत आले की कुठे होते तेच आठवत नाही. मुलगा म्हणतो आई आता माणसाचं लक्ष गोल्डफिश माशापेक्षा कमी झालंय, सगळ्यांचंच होतं. खरं आहे का हे? (एक वाचिका, सातारा)

बाई, मुलाला सांगा की तो मासा खोटा आहे. माशाचं लक्ष नऊ सेकंद आणि माणसाचं आठ, हे २०१५ पासून जगभर फिरतंय पण त्यामागे धड संशोधनच नाही. माशाचं मोजलं कुणी आणि कसं, हा प्रश्न कुणाला पडत नाही याची मला गंमत वाटते. खरं मोजलंय ते ग्लोरिया मार्क नावाच्या बाईंनी, कॅलिफोर्निया विद्यापीठात. कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या. २००४ च्या सुमाराला सरासरी अडीच मिनिटं निघाली होती, अलीकडच्या वर्षांत सत्तेचाळीस सेकंद. पण नीट बघा, हे माणूस दुसरीकडे कधी वळतो त्याचं मोजमाप आहे, त्याची एका जागी बसायची ताकद संपली असं त्यात कुठेही नाही. शिवाय त्यांना असंही दिसलं की आपल्याला दर वेळी दुसरं कुणी अडवत नाही, जवळजवळ तितक्याच वेळा आपण आपल्यालाच अडवतो. फोन वाजलेला नसतो, तरी आपण उचलतो. तुमचं हेच होतंय.

आता एक विचारते, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? हसू नका. साठीनंतर लक्ष लागत नाही म्हणणाऱ्यांत कितीतरी जणांना मुळात अक्षर नीट दिसत नसतं, मोतीबिंदू हळूहळू येत असतो, डोळे शिणतात आणि मन पळवाट काढतं. फोनवर अक्षर मोठं करता येतं, मागून उजेड असतो, म्हणून तिथे त्रास जाणवत नाही आणि सगळा दोष पुस्तकावर नाहीतर स्वतःवर जातो. झोप नीट होत नसेल, घरात काही दुःखाचं घडलं असेल, कशातच रस वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते फोनचं दुखणं नव्हे.

डोळे ठीक निघाले तर मग वाचन परत आणायला जाडजूड कादंबरी घेऊ नका, कथा घ्या, एका बैठकीत संपेल अशी. आवडीची जुनी, आधी वाचलेली असली तर आणखी बरं, धागा सुटला तरी सापडतो. फोन बंद करायचा नाही, कुणाचा काय निरोप येईल या धास्तीने उलट लक्ष लागत नाही. फक्त आतल्या खोलीत ठेवा, रिंग मोठी करून. वाजला तर उठून जायचं, नाही वाजला तर नाही. तुम्ही शिक्षिका होतात, शेजारच्या एखाद्या पोराला बसवून मोठ्याने वाचून दाखवा असंही सुचवते, समोर ऐकणारं कुणी बसलं असलं की मध्येच उठता येत नाही.

हिंजवडीत आयटीत आहे, आठवड्यातून तीन दिवस घरून काम. कोड लिहायला बसलो की चॅटवर कुणीतरी क्विक कॉल म्हणतं आणि अर्धा दिवस त्यातच जातो, खरं काम रात्री नऊनंतर. नोटिफिकेशन सगळे बंद करून पाहिले, पण मग भीती वाटत राहते की काहीतरी सुटतंय. (पिंपळे सौदागर)

भीती वाटणारच. २०१९ च्या एका प्रयोगात काही लोकांचे नोटिफिकेशन पूर्ण बंद केले आणि काहींना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिले. एकगठ्ठावाले जास्त निवांत राहिले, पूर्ण बंदवाले उलट अस्वस्थ झाले. तेव्हा तुम्हीही गठ्ठा पद्धत लावा, दिवसातल्या तीन वेळा ठरवा, त्या चॅटच्या स्टेटसमध्ये लिहून टाका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅनेजरला आणि टीमला आधी सांगा की या दोन तासांत मी चॅट बघत नाही, आग लागली तर फोन करा. न सांगता गायब झालात तर भीती खरी ठरेल. सांगून गेलात तर फारसं कुणाचं काही अडत नाही, आणि फोन किती येतात तेही बघा, आग रोज लागत नसते.

क्विक कॉलचं म्हणाल तर तो पाच मिनिटांचा असला तरी नुकसान पाच मिनिटांचं नसतं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळत राहतं आणि पुढच्या कामाला पूर्ण डोकं मिळत नाही. म्हणून कॉल घ्यावाच लागला तर आधी एक ओळ खरडून ठेवा, कुठे होतो आणि पुढे काय करायचं होतं. परत आल्यावर शोधाशोध वाचते. मॅनेजरच रात्री अकराला मेसेज टाकणारा असेल तर मात्र माझ्याकडे युक्ती नाही, ते फोनच्या सेटिंगमध्ये बसत नाही.

फोन काळा-पांढरा केला तर व्यसन सुटतं का? (एकच ओळ, नाव गाव काही नाही)

थोडा कंटाळवाणा होतो, तेवढंच. फोटो बघायची वेळ आली की परत रंगीत करतात लोक आणि तसाच राहतो. त्यापेक्षा जे ॲप छळतंय ते काढून टाका आणि ब्राउझरमधून पासवर्ड टाकून उघडा, तेवढ्या कटकटीने निम्म्या वेळा कंटाळा येतो.

मुलगा सहावीत आहे. फोन काढून घेतला की आरडाओरडा, आणि काढून तरी कसा घ्यायचा, शाळेचा होमवर्क वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवरच येतो, तोही रात्री. नवरा म्हणतो तू कडक नाहीस. तो स्वतः जेवताना क्रिकेट बघतो. (एक आई, नाशिक)

शेवटचं वाक्य वाचून अर्धं उत्तर मिळालं मला.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, ऐकलं असेल तुम्ही. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात फोन आला तो सुटेना, तेव्हा २०२२ मध्ये गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पा मारायला. सुरुवातीला लोक हसले, घरोघरी जाऊन सांगावं लागलं. मला त्यातली भोंग्याची गंमत नाही वाटत, मला आवडतं ते हे की नियम पोरांना एकट्यांना नव्हता. बापाची मालिका बंद, आजीची मालिका बंद, शेजारच्या दोस्ताचा गेम पण बंद. सहावीतल्या पोराला फोनपेक्षा जास्त काय छळतं माहितीये, बाकी सगळे ऑनलाइन आहेत आणि मी एकटाच नाही, हे.

तुमच्या सोसायटीत भोंगा लावायची गरज नाही, लावलात तर सेक्रेटरी नोटीस काढतील. पण त्याचे जे तीन-चार मित्र आहेत त्यांच्या आयांशी बोलून एक वेळ ठरवा, साडेसात ते साडेआठ म्हणा, चारही घरांत एकाच वेळी, आईबापासकट. पोरं खाली खेळायला गेली तर जाऊ दे. नवऱ्याला सांगा की मॅच टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघायची तेव्हा बघू, ताटासमोर फोन टेकवून नाही. कडकपणाचं नंतर बोलू म्हणावं.

आणि होमवर्कचं शाळेत जाऊनच बोला, एकट्या जाऊ नका, पालकसभेत चार-पाच जणी मिळून विषय काढा की होमवर्क वर्गात डायरीत लिहून द्या. ग्रूपवर सूचना येऊ देत पण त्या आईबापासाठी. बऱ्याच शिक्षकांनाही रात्री ते टाइप करायचा वैताग असतो, त्यांनाही बरंच वाटेल.

न्यू जर्सीत राहते. माहेरच्या ग्रूपवर बेचाळीस माणसं आहेत. भारतातली सकाळ म्हणजे माझी रात्र, त्यामुळे झोपायच्या वेळेला फुलं, सुविचार आणि शुभ सकाळ सुरू. म्यूट केलंय तरी उघडून बघितलंच जातं, कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना म्हणून. ग्रूप सोडला तर आत्या आयुष्यभर बोलणार नाही.

सोडू नका हो, आत्यांशी वैर कोण घेईल. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर गुपचूप बाहेर पडता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते, पण तुमच्या ॲडमिन आत्याच असणार याची मला खात्री आहे. म्यूटच्या जोडीला ग्रूप अर्काइव्हमध्ये टाका म्हणजे समोर दिसणारच नाही. आणि बरंवाईट कळायची सोय वेगळी करा, घरातल्या एका माणसाला, बहिणीला किंवा वहिनीला, सांगून ठेवा की काही खरंच झालं तर मला थेट फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असू देत, आणि फोनमध्ये तेवढा एक नंबर डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. त्यानंतर ग्रूप रविवारी एकदाच उघडा, चार फुलांना हात जोडून टाका. फक्त एक लक्षात ठेवा, निळी टिक सेटिंगमध्ये बंद केली तरी ग्रूपमध्ये कुणी वाचलं आणि कुणी नाही ते दिसतंच. आत्यांना हे माहीत असेल तर रविवारी पहिला फोन त्यांनाच करा.