खिशात मावतं, पण बसतं का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी : परवान्याचं छोटं पिस्तूल

प्रश्न : माझं सराफी दुकान आहे. रात्री रोकड घेऊन घरी जावं लागतं, म्हणून परवाना काढला. पँटच्या खिशात राहील असं सगळ्यात छोटं पिस्तूल हवंय. दुकानदार .२५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी, इंचांत) दाखवतो आणि .३२चंही. काय घ्यावं? (जळगाव)

उत्तर : ‘सगळ्यात छोटं’ ही अट आधी सोडा. पिस्तूल जितकं लहान, तितकं ते ठेवायला सोपं आणि चालवायला अवघड. मूठ आखूड असली की करंगळी हवेत राहते, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) लहान असली की नेम धरायला वेळ लागतो. शिवाय स्लाइड (काडतूस चढवायला मागे ओढायचा वरचा भाग) छोटी असल्याने घामेजल्या बोटांतून ती निसटते.

.२५चं जुनं बेबी ब्राउनिंग जेमतेम १०४ मिमी लांब आणि २७५ ग्रॅमच्या आसपास आहे. शर्टाच्या खिशातही मावेल. पण .२५ची गोळी साधारण ३.२ ग्रॅमची, तर .३२ची ४.६ ग्रॅमची आणि वेगालाही जास्त. ऊर्जेचा हिशेब केला तर .३२ जवळपास दुप्पट भरतं. त्यातून .२५ची काडतुसं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. .३२ची मिळतात, खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का तुम्ही पाहिला असेलच. ज्या हत्याराची पन्नास काडतुसं सरावात मोकळ्या मनाने उडवता येत नाहीत, ते घेऊन काय करायचं? आमचं मत .३२च्या बाजूने. नाइन एमएमचा विचार करू नका, ते निषिद्ध बोअर आहे आणि साध्या परवान्यावर मिळत नाही.

.३२मध्ये मुख्य दोन वाटा आहेत. एक, आपल्या सरकारी कारखान्यांचं ‘अशनी’ : सबंध पोलादी, दणकट, खिशाला थोडं जड. दुसरी, जुनी परदेशी पिस्तुलं. सर्वसामान्य परवानाधारकांसाठीची आयात १९८०च्या दशकात बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरतात ती एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर आलेली. म्हणूनच त्यांच्या किमती ऐकून डोळे पांढरे होतात. वॉल्थर पीपीके खिशासाठी खरंच चांगलं : लांबी १५५ मिमी, वजन सुमारे ५९० ग्रॅम, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) सात काडतुसं. त्याचा थोरला भाऊ पीपी १७० मिमीचा, तो कमरेला बरा. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९१०चं मॉडेल १५३ मिमीचं, बाहेर हॅमर (काडतूस पेटवायला आपटणारा हातोडा) नाही, कडा गुळगुळीत. खिशातून काढताना कुठे अडकत नाही.

जुनं घेताना एवढं तपासाच. पिस्तूल पूर्ण रिकामं करून नळीतून उजेडाकडे बघा. आतले पेचदार आटे स्वच्छ दिसले पाहिजेत, गंजाने पडलेले खड्डे नकोत. स्लाइडला बारीक चीर आहे का ते भिंगातून पाहा, विशेषतः काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या कोपऱ्यात. मग सेफ्टीची (चुकून बार उडू न देणाऱ्या खटक्याची) परीक्षा : रिकामं पिस्तूल कॉक करा (हॅमर मागे ताणा), सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, आणि आता सेफ्टी काढा. सेफ्टी काढताक्षणी हॅमर पडला तर ते पिस्तूल परत द्या. शेवटी मॅगझिन. मूळचं नसेल, कुणीतरी ठोकून-वाकवून बसवलेलं असेल, तर निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. हत्यारावरचा क्रमांक कागदाशी अंकन् अंक जुळतोय ना, तेही तिथेच बघून घ्या.

आता खिसा. पुठ्ठ्यावर पिस्तुलाची बाह्यरेषा काढून कापा, त्यासारखे तीन-चार तुकडे चिकटवून अडीच सेंटिमीटर जाड करा आणि रोजच्या पँटमध्ये घालून दोन दिवस वावरा. गादीवर मांडी घाला, गाडीत बसा, स्कूटरवर टांग टाका. मूठ खिशाच्या तोंडाखाली निदान दोन सेंटिमीटर राहायला हवी. दुकानात हे कळत नाही, पुठ्ठ्याने शंभर रुपयांत कळतं.

प्रश्न : पिस्तूल खिशात आडवं होतं, मांडीला टोचतं आणि बाहेरून आकार दिसतो. रुमालात गुंडाळून पाहिलं, तरी तेच. (सोलापूर)

उत्तर : रुमाल आजच बंद करा. रुमालाची घडी ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरते आणि ओढताना तीच ट्रिगर दाबते. खिशासाठी बनवलेलं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) लागतं, आणि पिस्तुलाच्या मॉडेलचंच लागतं. ‘कुठल्याही छोट्या पिस्तुलाला चालतं’ अशी मऊ नायलॉनची पिशवी घेऊ नका. तिच्यावरून दाबलं की ट्रिगर आतून दबतो. घरी परीक्षा करा : रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून बाहेरून अंगठ्याने ट्रिगरच्या जागी जोर द्या. ट्रिगर हलला तर होल्स्टर बाद.

चांगलं होल्स्टर पिस्तुलाला उभं धरतं, म्हणजे मूठ नेहमी वर आणि एकाच जागी सापडते. चपट्या बाहेरच्या बाजूमुळे आकार मोडतो. बघणाऱ्याला पाकीट किंवा मोबाइल वाटतो. आणि पिस्तूल काढलं की ते स्वतः खिशातच राहतं. त्यासाठी चामड्याची खरखरीत बाजू बाहेर असावी, किंवा कडेला आकड्यासारखा बाक असावा. तुळतुळीत बाहेरून पॉलिश केलेलं होल्स्टर पिस्तुलाबरोबर बाहेर येतं आणि मग हातात म्यानासकट तलवार!

पीपीकेसारखं पिस्तूल, सात काडतुसं (प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम) आणि होल्स्टर मिळून पाऊण किलोच्या जवळ जातं. एवढं वजन एका खिशात लोंबलं तर पँट एका बाजूला उतरते. चार सेंटिमीटर रुंदीचा, दुपदरी चामड्याचा पट्टा घ्या. तयार पँटच्या खिशाचं अस्तर पातळ असतं, दोन-तीन महिन्यांत कोपरा फाटतो. शिंप्याकडून मांजरपाटाचं किंवा ड्रिलचं अस्तर लावून घ्या, खिशाचं तोंड तिरकं न ठेवता जरा सरळ आणि हाताचा पंजा सहज जाईल इतकं रुंद करायला सांगा. पिस्तुलाच्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, सुटे पैसे नकोत, तंबाखूची पुडी तर नकोच.

काढण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलानेच, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. पंजा चपटा करून खिशात न्यायचा, अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर ठेवायचा. मूठ आवळली की ती खिशाच्या तोंडात अडकते; अंगठा वर असला की हात अरुंद राहतो. तर्जनी सरळ, ट्रिगरच्या बाहेर. एक गोष्ट मान्य करूनच खिसा निवडा : गाडीत बसलेलं असताना पुढच्या खिशातून पिस्तूल धड निघत नाही.

आणि परत ठेवताना होल्स्टर आधी खिशातून बाहेर काढायचं, डोळ्यांसमोर पिस्तूल त्यात बसवायचं, मग दोन्ही मिळून खिशात. खिशातल्या होल्स्टरमध्ये चाचपडत पिस्तूल खुपसायचं नाही. तिथे काही दिसत नाही, शर्टाचं टोक आत जातं, आणि नळीचं तोंड आपल्याच मांडीकडे असतं.

नेहरू जॅकेटचा आतला खिसा अनेकांना आवडतो. आम्हाला नाही. जॅकेट खुर्चीला टांगून माणूस हात धुवायला जातो आणि हत्यार खुर्चीलाच राहतं. कुर्त्याचा बाजूचा खिसा तर झुलतोच.

प्रश्न : चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतुसाचं घर असतं त्यात) काडतूस ठेवून फिरावं की नाही? (नाशिक)

उत्तर : पिस्तूल कोणतं, यावर अवलंबून. १९१०चं एफएन, बेबी ब्राउनिंग, १९०३चं कोल्ट ही जुनी पिस्तुलं भरल्या चेंबरने ठेवायची तर आतला स्ट्रायकर (स्प्रिंगने पुढे झेपावणारी पिन) किंवा हॅमर ताणलेलाच राहतो. पडल्यावर पिन रोखून धरणारी आजच्यासारखी यंत्रणा त्यांत नाही, आणि शंभरेक वर्षांच्या झिजलेल्या खाचेवर आपण मांडी ठेवू नये. चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं. पीपीकेला डबल ॲक्शन आहे (ट्रिगर दाबतानाच हॅमर ताणला जातो), पहिला ट्रिगर लांब आणि जड. तरी रेंजवर शे-दीडशे फैरी बिनचूक होईपर्यंत तिथेही चेंबर रिकामंच बरं. हॅमर ब्लॉक (हॅमर चुकून आपटू न देणारा अडसर) नसलेलं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर हॅमरखालचं काडतुसाचं घर मोकळं ठेवा.

प्रश्न : .३२ पिस्तूल रेंजवर दर मॅगझिनला एकदा तरी अडकतं. शिवाय पावसाळ्यात गंजाचे ठिपके येतात. खोबरेल तेल लावतो. (चिपळूण)

उत्तर : खोबरेल स्वयंपाकघरात आणि डोक्यावर शोभतं. पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं, एरवी चिकट होऊन खिशातला कापूस धरून ठेवतं. बंदुकीचं तेल घ्या; नसेल तर शिवणयंत्राचं पातळ तेल वेळ भागवतं. तेही स्लाइडच्या प्रत्येक खोबणीत थेंबभर, बाकी अंगाला नुसतं फडक्याने पुसून. जास्त तेल काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत झिरपलं तर ते ऐन वेळी पेटत नाही. पाणी हटवणारे फवारे तर काडतुसांजवळ नेऊच नका, ते आणखी झिरपतात.

कोकणात घाम, खारी हवा आणि चामडं असा तिहेरी मारा असतो. चामडं ओल धरतं, म्हणून रात्री पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि कुलपात ठेवा. आठवड्यातून एकदा उघडून नळी, खोबणी आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं कवच ओढून काढणाऱ्या) आकड्याखालचा भुगा जुन्या दातघाशीने काढा.

रिकामं करण्याचा क्रम कधीही उलटा नको. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायचं. आधी स्लाइड ओढली तर जुनं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं नवं आत जातं. माणूस समजतो, झालं रिकामं.

अडकण्याची कारणं तीन. पहिलं .३२च्या घडणीतच आहे. याच्या बुडाची कडा किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली की ती पुढे सरकताना खालच्याला अडते आणि स्लाइड मध्येच थांबते. गोळी आखूड असेल तर काडतूस मॅगझिनमध्ये मागेपुढे हलतं आणि हे जास्त होतं. भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे आहे ना, हे बोटाने पाहा. दुसरं, सैल मनगट. हलकं पिस्तूल ढिल्या हातात मागे ढकललं जातं आणि स्लाइडला पुरेसं मागे जायला मिळत नाही. मनगट ताठ ठेवा. फक्त अंगठ्याची बेचकी स्लाइडच्या वाटेत नको, ती चावते, आणि पीपीके तर हमखास. तिसरं, मॅगझिनची थकलेली स्प्रिंग किंवा वाकलेले ओठ (तोंडाच्या कडा). दोन मॅगझिन असतील तर खुणा करा आणि कोणतं अडकतं त्याची नोंद ठेवा. एकच अडकत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही.

आणखी एक. चेंबर भरून फिरणारे रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच काडतूस परत चढवतात. दर वेळी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उताराला आपटतं आणि गोळी हळूहळू कवचात आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा. किंचितही बुटकं वाटलं तर वापरू नका.

प्रश्न : बहिणीच्या हातांना संधिवात आहे, स्लाइड ओढता येत नाही. तिच्यासाठी रिव्हॉल्व्हर? आणि पर्समध्ये ठेवलं तर? (कोल्हापूर)

उत्तर : हो, रिव्हॉल्व्हर. छोट्या .३२ पिस्तुलांत स्प्रिंगच सगळा जोर पेलते, म्हणून ती कडक असते. ‘प्रबल’ या .३२ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (काडतुसांची फिरती चकरी) बाजूला उघडतं, पण काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम आणि लांबी १७७.६ मिमी, त्यामुळे खिशाचं नाव नको. दुसरं ‘निर्भीक’, ते ५०० ग्रॅमच्या आसपास आहे. मात्र डबल ॲक्शनचा ट्रिगरही जड असतो, त्यामुळे विकत घेण्याआधी ताईंनी स्वतः रिकामं चालवून पाहावं. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस पिस्तुलाच्या .३२पेक्षा वेगळं : कवच २३ मिमी, पिस्तुलाचं १७. आकडा एकच असल्याने खरेदीत घोटाळा होतो. पर्स वापरायची तर हत्यारासाठी वेगळा चेनचा कप्पा आणि आत घट्ट होल्स्टर. पर्स खेचली गेली तर रिव्हॉल्व्हरही गेलं, आणि घरी नातवंडं आधी आजीची पर्सच उघडतात.

प्रश्न : परवाना आहे म्हणजे कुठेही नेता येतं ना? (पुणे)

उत्तर : नाही. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, ते वाचा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. कमरेला मूठ दाखवत फिरणं नियमात बसत नाही. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षं केली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवल्या. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर पावती घेऊन जमा करा. विमानात केबिनमध्ये अजिबात नाही : चेक-इनला स्वतःहून सांगायचं, रिकामं, परवान्यासह. खिशात नेहमी हत्यार असणारा माणूस सवयीने तसाच विमानतळावर पोहोचतो, म्हणून बॅग भरताना खिसा आधी.

प्रश्न : मी डॅलसमध्ये एच-वन-बी (नोकरीच्या) व्हिसावर आहे. टेक्ससमध्ये २०२१पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं म्हणतात. छोटं रुगर घेऊ का? (टेक्सस)

उत्तर : थांबा. राज्याचा कायदा सैल असला तरी अमेरिकेचा संघीय कायदा तुमच्या व्हिसाच्या वर्गाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. एच-फोर (जोडीदार-मुलांचा) आणि एफ-वन (विद्यार्थ्यांचा) व्हिसालाही तेच. मित्राचं पिस्तूल रेंजवर ‘जरा हातात’ घेणंसुद्धा यात येतं, आणि यापायी पुढची ग्रीन कार्डची वाट बंद होऊ शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण नाही. तेव्हा रुगर एलसीपी (सुमारे २७२ ग्रॅम) किंवा केल-टेक पी-३२ (१९० ग्रॅमच्या आत) पाहा. दुसऱ्याचा धक्का मवाळ आहे, पण तेही .३२च, चिपळूणच्या वाचकांना सांगितलेला कडेचा घोळ तिथेही होतो. आणि परवान्याची सक्ती नसली तरी टेक्ससचा परवाना काढाच : शाळेपासून १,००० फुटांच्या आतली संघीय बंदी राज्याचा परवाना असलेल्याला माफ आहे, आणि शहरात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधावा लागतो.