उभे राहणारे कपॅसिटर आणि चिकटलेले पाय

प्रश्न : माझ्याकडे २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न आहे. ४८ पायांची, ०.५ मिलिमीटर अंतराची आयसी लावताना पाय एकमेकांना चिकटतात. हॉट एअर स्टेशन (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) घ्यावंच लागेल का?
– विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : नाही. या आयसीचे पाय बाहेर आलेले असतात, त्यामुळे चांगलं आयर्न पुरतं. पोटाखाली पॅड (सोल्डर धरणारे धातूचे सपाट ठिपके) असलेल्या आयसी लावायला लागाल, तेव्हा हॉट एअरचं बघू.

आधी बिट, म्हणजे आयर्नचं टोक, बदला. बारीक कामाला सुईसारखी बिट लागते असं वाटतं, पण तिचा पॅडला स्पर्शच इतका कमी होतो की उष्णता पोचत नाही. मग आपण दाबतो, थांबतो आणि पॅड उखडतो. २ ते ३ मिलिमीटर रुंदीची छिन्नीसारखी किंवा सुरीसारखी बिट घ्या. साध्या आयर्नला तापमानाचं नियंत्रण नसतं. नुसतं ठेवलं की ते भलतंच तापतं आणि बिट काळी पडते. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तापमान ठरवता येणारं ६० वॅटचं आयर्न मागा, प्लग तीन पिनांचाच हवा. ३२० ते ३४० अंशांवर ठेवा. सोल्डरची तार ६३/३७ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), ०.५ मिलिमीटर जाडीची. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० मात्र थोडा वेळ लगद्यासारखी राहते आणि तेवढ्यात भाग हलला तर जोड खरखरीत होतो.

आता फ्लक्स, म्हणजे धातूवरचं ऑक्साइड काढून सोल्डर नीट पसरू देणारं रसायन. दुकानात नुसतं ‘पेस्ट’ म्हणालात तर बहुधा फ्लक्सची डबी हातात येईल. घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका. त्यात आम्ल असेल तर काही दिवसांत तांबं हिरवं पडतं. सिरिंजमधला ‘नो-क्लीन जेल फ्लक्स’ असं स्पष्ट सांगा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

पॅडवर फ्लक्सचा पातळ थर द्या. आयसीवरचा ठिपका पहिल्या पॅडकडे करून ती बसवा, एका कोपऱ्याचा पाय सोल्डर करा आणि भिंगातून चारही बाजू पाहा. सरळ असेल तरच समोरच्या तिरक्या कोपऱ्याचा पाय सोल्डर करा. चारही बाजूंना पुन्हा फ्लक्स. बिटवर थोडंसं सोल्डर घेऊन पायांच्या टोकांवरून सावकाश ओढत न्या, १२ पायांना तीन-चार सेकंद. शेवटचे दोन पाय बहुतेक वेळा चिकटतातच. त्यावर फ्लक्स घाला, बिट पुसून घ्या, टेकवून बाहेरच्या दिशेला ओढा. तरी सुटलं नाही तर तांब्याची विक (सोल्डर शोषून घेणारी विणलेली पट्टी) वापरा. विक आणि बिट एकदमच उचला. विक थंड होऊन चिकटली आणि तुम्ही ओढली तर पॅडही तिच्याबरोबर येतो. शेवटी शेजारशेजारचे पाय जोडले गेलेत का, ते मल्टिमीटरच्या बीपने तपासा. एखादी बीप आली तर आधी सर्किट पाहा, काही पाय मुळातच जोडलेले असतात.

प्रश्न : सोल्डर पेस्ट (सोल्डरचे बारीक कण आणि फ्लक्स यांचं मिश्रण) लावून बोर्ड हॉटप्लेटवर ठेवतो. ०६०३ आकाराचे कपॅसिटर एका टोकावर उभे राहतात, तेही ग्राउंडला जोडलेलेच.
– छंद म्हणून काम करणारे वाचक, भोसरी

उत्तर : कारण तुमच्या प्रश्नातच आहे. ग्राउंडचा पॅड तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला, म्हणून तो उशिरा तापतो. दुसऱ्या टोकाची पेस्ट आधी वितळते आणि वितळलेल्या धातूचा पृष्ठताण १.६ मिलिमीटर लांबीचा तो हलका भाग आपल्याकडे खेचून उभा करतो.

बोर्ड १५० अंशांवर ६० ते ९० सेकंद राहू द्या, म्हणजे दोन्ही पॅड बरोबरीला येतील. मग २१० च्या आसपास न्या. शिशाची पेस्ट वितळल्यावर ३० ते ६० सेकंद पुरे. हे आकडे बोर्डाचे आहेत, प्लेटच्या पडद्यावरचे नव्हेत. के-प्रकारचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने बोर्डावर चिकटवून एकदा मोजाच. बोर्ड किंचित वाकलेला असला तरी फरक पडतो. दोन्ही पॅडवर पेस्ट सारखीच हवी. पुढचा बोर्ड काढताना ग्राउंडचा पॅड पट्ट्याला सलग न जोडता चार बारीक दुव्यांनी जोडा. दुखणं मुळापासून जाईल.

प्रश्न : फ्रिजमधली पेस्ट पावसाळ्यात वापरली की भागांभोवती बारीक गोळे दिसतात.
– वाचक, धायरी

उत्तर : सिरिंज गार असतानाच उघडली जात असावी. दमट हवेतलं पाणी पेस्टवर जमतं, तापवताना त्याची वाफ होते आणि धातूचे कण उडवते. बंद सिरिंज निदान दोन तास बाहेर ठेवा, मगच टोपण काढा. मुदत उलटलेली पेस्ट टाकून द्या. कणांवर ऑक्साइड चढलं की ते एकजीव होत नाहीत. साठवण २ ते १० अंशांत, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ठळक ‘शिसे’ असं लिहून.

प्रश्न : घरच्या ओटीजीत बोर्ड तापवता येतो का?
– गृहिणी, सहकारनगर

उत्तर : येतो, पण त्यानंतर त्यात केक किंवा नानकटाई कधीच करायची नाही. फ्लक्सची वाफ आत चिकटून राहते आणि सांडलेल्या पेस्टमधलं शिसंही. जुना ओटीजी वेगळा काढा, तो स्वयंपाकघराबाहेर खिडकीपाशी ठेवा, धूर बाहेर जाईल असा पंखा लावा आणि काम झालं की हात साबणाने धुवा.