विहीर आटली, आता पाणी कोठून?

प्रश्न : सांवेर तहसिलीतील आमच्या गावच्या घराची विहीर यंदा फाल्गुनातच आटली. गावकरी ४०० फुटांचा बोअर घेण्यास सांगतात. दुसरा उपाय आहे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : बोअरची घाई करू नये. माळव्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठते. तेथे ते न लागल्यास खोल जाऊनही बहुधा धूळच हाती येते. त्याआधी विहिरीतील गाळ उपसून पाहावा. पाझर पुष्कळदा गाळाखाली दबलेले असतात.

भरवशाचा स्रोत मात्र डोक्यावरच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या पत्र्यावर, ५०० मिलिमीटरच पाऊस झाला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, ४०,००० लिटर पाणी उतरते. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी रोज ५० लिटर लागले, तर १२० दिवसांना ६,००० लिटरची झाकणबंद टाकी पुरते. पहिल्या सरींचे पाणी, ज्यात कबुतरांची विष्ठा आणि पाचोळा वाहून येतो, ते बाहेर सोडावे. उरलेले विहिरीकडे वळवावे, पण गाळूनच.

हे सारे पुढील पावसाळ्यासाठी. तोवर टँकर अटळ आहे, ‘डग डग नीर’ म्हणजे पावलोपावली पाणी, ही माळव्याची ख्याती काहीही म्हणो. ते पाणी उकळूनच प्यावे.